‘ही गोष्ट खरी आहे!’ असं सांगून अमेरिकेला घाबरवणारी मालिका : ‘वन स्टेप बियॉन्ड’ आणि तिच्या कथांमागचं खरं-खोटं

रात्री उशिरा फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज येऊन पडतो. टायटॅनिक बुडायच्या १४ वर्षं आधीच एका लेखकाने ती दुर्घटना लिहून ठेवली होती, किंवा लिंकनला स्वतःचा मृत्यू आधीच स्वप्नात दिसला होता, असं काहीतरी त्यात असतं. खाली एक ओळ ठरलेली, ‘ही सत्यघटना आहे.’ आपण वाचतो, अंगावर काटा येतो आणि मेसेज पुढे जातो.

हा प्रकार व्हॉट्सॲपने सुरू केला असं वाटत असेल, तर थोडं मागे जाऊ. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी अमेरिकेत एक टीव्ही मालिका दर मंगळवारी रात्री हेच करत होती. तिचं नाव ‘वन स्टेप बियॉन्ड’. आज आपल्याकडे फिरणाऱ्या अनेक ‘अचाट पण सत्य’ कथा या मालिकेने पडद्यावर आणल्या होत्या. त्यातलं खरं किती, मीठमसाला किती आणि लोकांचा विश्वास का बसला, ते समजून घेऊया.

अँथॉलॉजी मालिका म्हणजे काय?

आपल्या सवयीच्या मालिकेत तेच घर, तीच सासू आणि तीच सून वर्षानुवर्षं दिसते. अँथॉलॉजी मालिकेत तसं नसतं. दर आठवड्याला नवी कथा, नवी पात्रं आणि नवे कलाकार. कायम राहतो तो फक्त निवेदक आणि मालिकेची एकंदर धाटणी.

अमेरिकी टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात अशा मालिकांची चलती होती. १९४७ साली सुरू झालेलं ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ हे त्यातलं गाजलेलं नाव. रंगभूमीचे लेखक आणि नट टीव्हीत येत होते आणि नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची. खर्च प्रायोजक कंपनी उचलायची आणि बऱ्याचदा कार्यक्रमाच्या नावातच कंपनीचं नाव असायचं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस थेट नाटकं मागे पडली आणि हॉलिवूडमध्ये फिल्मवर चित्रित केलेले अर्ध्या तासाचे भाग पुढे आले.

दर आठवड्याला नवी गोष्ट हवी म्हटल्यावर गोष्टी आणायच्या कुठून, हा प्रश्न होताच. त्यावर सापडलेलं एक उत्तर म्हणजे सत्यकथा.

‘वन स्टेप बियॉन्ड’च्या आधी कोण होतं?

‘विश्वास ठेवा अथवा ठेवू नका’ हा प्रकार जगभर पोहोचवणारा माणूस म्हणजे रॉबर्ट रिप्ले. १९१८ पासून तो वर्तमानपत्रात विचित्र गोष्टींची चित्रं काढत होता. १ मार्च १९४९ रोजी त्याचा कार्यक्रम एनबीसी वाहिनीवर सुरू झाला. पण तेराव्या भागाच्या वेळी त्याची तब्येत बिघडली आणि २७ मे १९४९ ला हृदयविकाराने त्याचं निधन झालं. त्या शेवटच्या भागात अमेरिकी सैन्यात अंत्यविधीला वाजवल्या जाणाऱ्या बिगुलाच्या धूनची गोष्ट होती. या योगायोगाचीही पुढे एक ‘रिप्ले छाप’ कथा झाली.

१९५२ ला ‘डेथ व्हॅली डेज’ ही मालिका रेडिओवरून टीव्हीवर आली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागातल्या खऱ्या घटनांवर ती बेतलेली असायची आणि ती १९७० पर्यंत चालली. १९६४-६५ मध्ये तिचा निवेदक होता रोनाल्ड रेगन, म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच.

१९५६ ते १९५८ या काळात जॉन नेस्बिटने सुरू केलेली ‘टेलिफोन टाइम’ ही मालिका होती. इतिहासातल्या फारशा माहीत नसलेल्या, चमत्कारिक वाटणाऱ्या खऱ्या गोष्टी हा तिचा विषय.

या सगळ्यांत भूत-प्रेत किंवा अतींद्रिय शक्ती हा मुख्य विषय नव्हता. ती जागा ‘वन स्टेप बियॉन्ड’ने घेतली.

मालिकेची कुंडली

२० जानेवारी १९५९ ला एबीसी वाहिनीवर पहिला भाग दिसला. ४ जुलै १९६१ ला शेवटचा. तीन हंगाम, एकूण ९६ भाग, सगळे कृष्णधवल आणि प्रत्येकी अर्ध्या तासाचे. कल्पना मर्विन जेरार्ड यांची, निर्माते कोलियर यंग. प्रायोजक होती अ‍ॅल्युमिनियम बनवणारी ‘अल्कोआ’ कंपनी. म्हणून मालिकेचं पूर्ण नाव ‘अल्कोआ प्रेझेंट्स : वन स्टेप बियॉन्ड’.

मालिकेचा चेहरा मात्र जॉन न्यूलँड. १९१७ साली जन्मलेला हा माणूस मूळचा नट. या मालिकेत तो निवेदक होता आणि सगळ्या भागांचा दिग्दर्शकही. कोट-टाय घातलेला न्यूलँड शांतपणे पडद्यावर यायचा. आवाज चढवणं नाही, डोळे मोठे करणं नाही. बँकेतला सज्जन अधिकारी कर्जाच्या अटी समजावून सांगतो तसा तो भुताची गोष्ट सांगायचा. भीती वाटायची ती त्यामुळेच.

त्याचं म्हणणं साधारण असं असायचं : तुम्ही जे बघणार आहात ते माणसांनी नोंदवून ठेवलेलं आहे. आम्हाला त्याचं स्पष्टीकरण देता येत नाही, आणि ते खोटं आहे असंही दाखवता येत नाही.

हे वाक्य नीट बघा. ‘हे घडलं’ असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. ‘याची नोंद आहे’ एवढंच म्हटलंय. पण ऐकणारा ऐकतो काय? ‘हे घडलंय.’

जोडीला हॅरी ल्युबिन यांचं थरकाप उडवणारं संगीत होतं. कलाकारांची यादीही मोठी आहे. ‘द व्हिजिटर’ या भागात जोन फाँटेन या ऑस्कर विजेत्या अभिनेत्रीसोबत होता तरुण वॉरन बेटी, ज्याचा पहिला सिनेमा तेव्हा प्रदर्शितही झाला नव्हता. ‘द प्रॉमिस’ या भागात विल्यम शॅटनर होता, म्हणजे पुढच्या ‘स्टार ट्रेक’चा कॅप्टन कर्क. चार्ल्स ब्रॉन्सन, ख्रिस्तोफर ली, डोनाल्ड प्लेझन्स, एलिझाबेथ माँटगोमेरी हेही या मालिकेत येऊन गेले. शेवटचे काही भाग इंग्लंडमध्ये चित्रित झाल्यामुळे ब्रिटिश कलाकारांची संख्या वाढली.

‘ट्वायलाइट झोन’च्या आधी

अशा मालिकांचा विषय निघाला की बहुतेकांना आठवते ती रॉड सर्लिंगची ‘ट्वायलाइट झोन’. पण ती सीबीएसवर २ ऑक्टोबर १९५९ ला आली, म्हणजे ‘वन स्टेप बियॉन्ड’च्या आठ महिने नंतर.

दोन्हींमध्ये कोटातला निवेदक आहे, दर आठवड्याला नवी विचित्र कथा आहे, शेवटी धक्का आहे. फरक एकच, पण फार मोठा. सर्लिंग सरळ सांगायचा की ही कल्पना आहे, चला कल्पनेच्या गावाला. न्यूलँड सांगायचा की याची नोंद आहे.

कल्पित कथेला शेवट हवा, अर्थ हवा. सर्लिंगच्या कथांमधून वंशद्वेष, युद्ध, माणसाचा हव्यास यावर काहीतरी म्हटलं जायचं. ‘खऱ्या’ कथेला अशा कुठल्या अर्थाची गरज नसते. ती खरी आहे, एवढंच तिचं भांडवल. ‘ट्वायलाइट झोन’ पाच हंगाम आणि १५६ भाग चालली आणि आजही लोक ती बघतात. ‘वन स्टेप बियॉन्ड’ मागे पडली. तिने सांगितलेल्या गोष्टी मात्र मागे पडल्या नाहीत.

लोकांचा विश्वास का बसला?

याचं उत्तर त्या काळात आहे. ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन हे प्राध्यापक पत्त्यांसारख्या कार्डांवर प्रयोग करून अतींद्रिय ज्ञान सिद्ध करू पाहत होते. त्यांचं त्या विषयावरचं पुस्तक १९३४ मध्ये आलं आणि ‘ईएसपी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. विद्यापीठाचं नाव जोडलं गेल्यामुळे विषयाला वजन आलं. नंतर इतर संशोधकांना तसे निकाल खात्रीने मिळाले नाहीत, पण ती बातमी पहिल्या बातमीइतकी पसरली नाही.

१९५६ साली ‘ब्रायडी मर्फी’ प्रकरण गाजलं. कोलोरॅडोतल्या एका गृहिणीला संमोहित केल्यावर ती एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडमधल्या मागच्या जन्माबद्दल बोलू लागली, असं त्या पुस्तकात होतं. पुस्तक तडाखेबंद खपलं. पत्रकारांनी आयर्लंडमध्ये शोध घेतला तेव्हा त्या नावाच्या बाईच्या जन्माची किंवा मृत्यूची नोंद काही मिळाली नाही.

आणि सगळ्यात मजेशीर योगायोग म्हणजे नेमक्या याच काळात टीव्हीवरच्या ‘खऱ्या’ कार्यक्रमांचं बिंग फुटत होतं. ‘ट्वेंटी-वन’ या क्विझ शोचा लाडका विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन याने २ नोव्हेंबर १९५९ ला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कबूल केलं की त्याला उत्तरं आधीच दिली जात होती. देश हादरला. १९६० ला कायदा बदलला आणि प्रेक्षकांना फसवण्यासाठी क्विझ शो आधीच ठरवून घेणं गुन्हा झाला.

क्विझमधलं ‘खरं’ असं तपासलं गेलं. नाटकाच्या सुरुवातीला सांगितलेलं ‘खरं’ मात्र कोणी तपासलं नाही. आता ते काम आपण करूया. मालिकेत आलेल्या, किंवा तिथल्या गोष्टींशी नातं सांगणाऱ्या पाच कथा घेऊ.

१. टायटॅनिकची आधीच लागलेली चाहूल

मालिकेचा दुसराच भाग होता ‘नाइट ऑफ एप्रिल फोर्टीन्थ’. इंग्लंडमधल्या एका तरुणीला बुडण्याची स्वप्नं पडतात. होणारा नवरा तिला खूश करायला सांगतो की मधुचंद्रासाठी टायटॅनिकची तिकिटं काढली आहेत! विषय तेव्हा ताजाच होता. वॉल्टर लॉर्ड यांचं टायटॅनिकवरचं पुस्तक १९५५ ला आणि त्यावरचा सिनेमा १९५८ ला आला होता.

टायटॅनिकच्या भाकितांमध्ये सगळ्यात जास्त सांगितली जाते ती मॉर्गन रॉबर्टसन यांची १८९८ मधली ‘फ्युटिलिटी’ ही छोटी कादंबरी. त्यात ‘टायटन’ नावाचं अजस्र जहाज एप्रिल महिन्यात उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगावर आदळतं आणि लाइफबोटी कमी पडतात. हे सगळं खरं आहे. पुस्तक उपलब्ध आहे, कोणीही वाचू शकतं.

पण मेसेजमध्ये न येणारा भाग असा : रॉबर्टसन हे जहाजाच्या कप्तानाचे चिरंजीव आणि स्वतः व्यापारी जहाजांवर काम केलेले. जहाजं मोठी होत चालली आहेत आणि लाइफबोटींचे नियम मागे पडलेत, हे त्यांना रोजच्या अनुभवातून कळत होतं. त्या समुद्रात वसंत ऋतूत हिमनग येतात हे तर प्रत्येक खलाशाला ठाऊक. शिवाय कादंबरीतलं जहाज न्यूयॉर्कहून इंग्लंडकडे जात असतं, म्हणजे टायटॅनिकच्या उलट दिशेने. पुढे तर नायक हिमनगावर चक्क पांढऱ्या अस्वलाशी झुंजतो! आणि दुर्घटनेनंतर १९१२ मध्ये पुस्तक पुन्हा छापलं तेव्हा जहाजाच्या आकाराचे काही आकडे वाढवले गेले. आज फिरणाऱ्या तुलनेच्या तक्त्यांत कधी जुने आकडे असतात, कधी नवे.

म्हणजे भाकीत खोटं का? नाही. त्याला जाणकाराचा अंदाज म्हणता येईल. आणि तो अंदाज भुताखेतापेक्षा जास्त अस्वस्थ करणारा आहे. कारण धोका दिसत होता, लिहिलाही गेला होता, तरी १९१२ मध्ये सुमारे १५०० माणसं गेली.

२. लिंकनचं स्वप्न

१९६० मध्ये मालिकेने अब्राहम लिंकन यांच्या मृत्यूच्या पूर्वसूचनांवर एक भाग केला. लिंकनची प्रसिद्ध कथा अशी : हत्येच्या काही दिवस आधी त्यांना स्वप्न पडलं. व्हाइट हाउसमध्ये रडण्याचे आवाज येत आहेत, एका दालनात प्रेत ठेवलंय आणि पहारेकरी सांगतो की राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली आहे.

ही कथा आली ती वॉर्ड हिल लॅमन या लिंकनच्या मित्राच्या आठवणींतून. त्या पुस्तकरूपाने छापून आल्या १८९५ साली, म्हणजे हत्येनंतर ३० वर्षांनी. कथेत लिंकन म्हणतात की दहाएक दिवसांपूर्वी आघाडीवरच्या बातम्यांची वाट बघत रात्री जागलो होतो, तेव्हा हे स्वप्न पडलं. अडचण अशी की १८६५ मध्ये मार्चच्या अखेरीपासून ९ एप्रिलपर्यंत लिंकन स्वतःच आघाडीजवळ व्हर्जिनियात होते. बहुतेक इतिहासकार या कथेकडे संशयाने बघतात ते म्हणूनच.

आता दुसरी नोंद बघा. १४ एप्रिल १८६५ ला, म्हणजे गोळी लागली त्याच दिवशी, मंत्रिमंडळाच्या बैठकीत लिंकननी एक स्वप्न सांगितलं होतं. आपण एका विचित्र जहाजात बसून अंधुक किनाऱ्याकडे वेगाने चाललो आहोत. नौदल मंत्री गिडियन वेल्स त्या बैठकीला हजर होते आणि त्यांनी ते डायरीत लिहून ठेवलं. हा पुरावा बराच बळकट. पण त्या स्वप्नाचा अर्थ लिंकननी काय लावला होता? लवकरच युद्धातून चांगली बातमी येणार! कारण मोठ्या लढायांच्या आधी हेच स्वप्न पडतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

एक नोंद वेळेवरची, पण तिच्यात मृत्यू नाही. दुसरीत मृत्यू आहे, पण ती ३० वर्षांनी छापलेली. लोकप्रिय कोणती झाली, ते आपल्याला माहीत आहे.

३. फाशी न लागलेला माणूस

‘द डेव्हिल्स लाफ्टर’ या भागात लंडनमधल्या एका कैद्याची फाशी फसते. ही कल्पना वाटली तरी असं खरंच घडलेलं आहे, आणि सरकारी कागदपत्रांत त्याची नोंद आहे.

इंग्लंडमधल्या बॅबाकूम इथे १८८४ च्या नोव्हेंबरमध्ये एमा कीज या वृद्ध महिलेचा खून झाला. तिचा तरुण नोकर जॉन ली याला फाशीची शिक्षा झाली. २३ फेब्रुवारी १८८५ ला एक्सेटरच्या तुरुंगात जेम्स बेरी या जल्लादाने खटका ओढला. पायाखालची फळी उघडलीच नाही. लीला बाजूला नेलं, फळी तपासली, ती व्यवस्थित उघडली. पुन्हा उभं केलं, पुन्हा अडकली. तिसऱ्यांदाही तेच. अखेर फाशी थांबवली गेली आणि शिक्षा जन्मठेपेत बदलली. १९०७ साली ली सुटला. आदल्या रात्री आपल्याला हे स्वप्नात दिसलं होतं, असं तो सांगायचा.

चौकशीत जे पुढे आलं ते साधं होतं. फाशीचा सांगाडा जुन्या जागेवरून काढून दुसऱ्या जागी बसवला होता आणि तो बसवताना लोखंडी भाग किंचित सरकले होते. माणसाचं वजन फळीवर आलं की ते अडकायचे, रिकामी असताना सुटायचे.

इथे घटना शंभर टक्के खरी आहे. चमत्कार मात्र सुताराच्या कामातला होता.

४. क्राकाटोआ पाहणारा पत्रकार

शेवटच्या हंगामातल्या ‘आय विटनेस’ या भागाचा विषय होता बॉस्टनच्या एका पत्रकाराची दंतकथा. १८८३ च्या ऑगस्टमध्ये तो ऑफिसात झोपला असताना त्याला एक बेट फुटताना स्वप्नात दिसलं. त्याने ते लिहून ठेवलं, संपादकाला बातमी वाटली आणि ती छापली गेली. नंतर कळलं की तिकडे क्राकाटोआ ज्वालामुखीचा खरंच स्फोट झालाय!

क्राकाटोआचा स्फोट २७ ऑगस्ट १८८३ चा. ३६,००० हून जास्त लोक गेले, बरेचसे त्सुनामीत. आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. इथवर सगळं पक्कं.

पण या दंतकथेचा सगळा डोलारा उभा आहे तो एका गृहीतावर, की त्या काळात एवढ्या लांबची बातमी अमेरिकेत पोहोचायला खूप दिवस लागले असतील. तसं नव्हतं. समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकून झाल्या होत्या. बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता, तिथून गेलेल्या तारांच्या आधारे युरोप-अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत लगोलग बातम्या छापून येत होत्या. ऑफिसात तार येत असताना स्वप्नाची गरज काय? कथा रचणाऱ्याने तारायंत्र विसरून टाकलं, एवढंच.

५. शिडीवरून पडलेला पीटर हर्कोस

एप्रिल १९६० मध्ये मालिकेने दोन भागांत पीटर हर्कोस या डच माणसाची कहाणी दाखवली. १९४१ साली रंगकाम करताना तो शिडीवरून पडला, डोक्याला मार लागला आणि त्यानंतर वस्तूंना हात लावून माणसांची गुपितं सांगता येऊ लागली, असा त्याचा दावा होता.

टीव्हीने त्याला आणखी प्रसिद्धी दिली. १९६४ मध्ये बॉस्टनमधल्या महिलांच्या हत्यासत्राच्या तपासात त्याची मदत घेतली गेली. त्याने ज्या माणसाकडे बोट दाखवलं, त्याच्यावर काही सिद्ध झालं नाही. पुढे हत्यांची कबुली दिली ती अल्बर्ट डीसाल्व्हो या भलत्याच माणसाने.

इथे मात्र विषय गमतीचा राहत नाही. ऐकीव शक्तीच्या भरवशावर एखाद्या निरपराध माणसावर संशय येऊ शकतो. आपल्याकडे ‘मुलं पळवणारी टोळी’ अशा मेसेजमुळे काय काय झालंय, ते आठवा.

निवेदकाने कॅमेऱ्यासमोर खाल्लं मशरूम

मालिकेचा सगळ्यात वेगळा भाग २४ जानेवारी १९६१ चा, ‘द सेक्रेड मशरूम’. यात नाटक नाहीच. न्यूलँड एका छोट्या पथकासोबत मेक्सिकोच्या डोंगराळ भागात गेला. तिथले वैदू विधीसाठी वापरतात त्या मशरूमने अतींद्रिय शक्ती वाढते का, हे बघायला. सोबत होते अंद्रिया पुहारिच हे डॉक्टर, ज्यांनी हर्कोसवरही प्रयोग केले होते. परत आल्यावर कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत न्यूलँडने स्वतः ते मशरूम खाल्लं आणि त्याच्यावरच्या चाचण्या टीव्हीवर दाखवल्या गेल्या.

आज हे वाचून डोळे विस्फारतात. पण १९५७ मध्येच ‘लाइफ’ मासिकात या मशरूमवर मोठा लेख आला होता आणि १९५८ मध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी त्यातलं सायलोसायबिन हे रसायन वेगळं काढलं होतं. अमेरिकेत तेव्हा त्यावर बंदी नव्हती, ती साठच्या दशकाच्या अखेरीस आली. भारतातही सायलोसायबिन एनडीपीएस कायद्याखाली येतं. त्यामुळे न्यूलँडचं अनुकरण कोणी करू नये.

विज्ञान म्हणून त्या प्रयोगाला किंमत नव्हती. एकच माणूस, तोही कार्यक्रमाचा निवेदक, आणि समोर कॅमेरा. पण एक मान्य करायला हवं. इतर भागांत न्यूलँड दुसऱ्यांचे अनुभव सांगत होता. इथे त्याने जे केलं ते स्वतः केलं आणि लोकांसमोर केलं.

गोष्ट खरी कशी ‘होते’?

यासाठी मालिकेबाहेरचं एक उदाहरण फार उपयोगी आहे. २९ सप्टेंबर १९१४ ला लंडनच्या ‘इव्हनिंग न्यूज’मध्ये आर्थर मॅकन या लेखकाची ‘द बोमेन’ ही कथा छापून आली. पहिल्या महायुद्धात मॉन्सच्या लढाईत मध्ययुगीन तिरंदाजांचे आत्मे ब्रिटिश सैनिकांच्या मदतीला धावून येतात, अशी ती कथा. पूर्णपणे कल्पित.

१९१५ उजाडलं आणि लोक सांगू लागले की मॉन्सला देवदूत दिसले. कुणाच्या ओळखीच्या अधिकाऱ्याने पाहिले, कुणाच्या नर्स मैत्रिणीने सैनिकाकडून ऐकलं. मॅकन जीव तोडून सांगत होते की अहो, ही माझी गोष्ट आहे! पण लोक ऐकेनात. घरातली मुलं रणांगणावर असताना ‘देवदूत सांभाळतायत’ ही बातमी कोणाला खोटी ठरवावीशी वाटेल?

अशा कथा टिकतात त्या लोक मूर्ख असतात म्हणून नाही. त्या कथा काहीतरी देतात. दिलासा देतात, गेलेल्या माणसाचं काहीतरी शिल्लक असेल ही आशा देतात. न्यूलँडच्या प्रेक्षकांनी दुसरं महायुद्ध पाहिलं होतं आणि अणुबॉम्बच्या सावलीत ते जगत होते. त्यांना रात्री दहा वाजता काय ऐकायचं असेल, ते समजण्यासारखं आहे.

पुढे काय झालं?

१९७८ मध्ये न्यूलँड ‘द नेक्स्ट स्टेप बियॉन्ड’ घेऊन परत आला, पण २५ भागांत ती मालिका आटोपली. २००० साली त्याचं निधन झालं. दिग्दर्शक म्हणून १९७३ चा ‘डोन्ट बी अफ्रेड ऑफ द डार्क’ हा त्याचा टीव्ही चित्रपट भयपटांचे चाहते आजही आठवतात.

मूळ मालिकेच्या बऱ्याच भागांच्या कॉपीराइटचं नूतनीकरण वेळेत झालं नाही. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार ते २८ वर्षांनी करावं लागायचं. त्यामुळे हे भाग सगळ्यांसाठी खुले झाले, स्वस्त डीव्हीडींवर आले आणि आज इंटरनेटवर सहज सापडतात.

आपल्याकडे भारतात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला, तोही फक्त दिल्लीत आणि प्रायोगिक. मुंबई दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यामुळे ही मालिका आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेली असण्याची शक्यता कमीच. पण तिची धाटणी आपल्यापर्यंत पोहोचली. २००६ मध्ये स्टार वनवर इरफान खान ‘मानो या ना मानो’ सादर करायचा, आठवतंय? शांत आवाज, अविश्वसनीय गोष्ट आणि निर्णय तुमच्यावर सोडलेला. तीच पद्धत.

एक कार्यक्रम मात्र याच्या एक पाऊल पुढे गेला. १९९७ मध्ये आलेल्या ‘बियॉन्ड बिलीफ : फॅक्ट ऑर फिक्शन’ या अमेरिकी मालिकेत प्रत्येक भागात काही कथा दाखवून शेवटी सांगायचे, यातली कुठली सत्यघटनेवर आधारित आणि कुठली रचलेली. प्रेक्षकांचे अंदाज भरपूर चुकायचे.

पुढचा मेसेज आला की काय बघायचं?

वरच्या पाच कथांमधून पाच साधे प्रश्न निघतात.

• नोंद कधीची? घटनेच्या आधीची की नंतरची? लिंकनच्या दोन स्वप्नांतला फरक हाच.

• सांगणारा कोण? त्याचं नाव, गाव, पुस्तक काही आहे, की ‘एका पत्रकाराने’ एवढंच?

• काय वगळलंय? टायटनच्या तक्त्यात पांढरं अस्वल कधीच नसतं.

• साधं कारण असू शकतं का? जॉन लीच्या फळीसारखं.

• हे खरं मानल्यामुळे कुणाचं नुकसान होणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर फॉरवर्ड करण्याआधी दहा वेळा विचार करा.

न्यूलँडची मालिका जरूर बघा. रात्री दिवे मालवून बघा, मजा येते. फक्त शेवटी तो म्हणतो की ‘याची नोंद आहे’, तेव्हा मनातल्या मनात एवढंच विचारा : ‘कुठे आहे ती नोंद, आणि कोणी केली?’